स्वमग्न मुलाची वही

सदाशिव पेठेला ध्येयांचें वावडें कधींच नव्हतें. या पेठेंत मूल पाटीवर ‘श्री’ गिरवूं लागलें कीं त्याच्यापुढची वाट आंखलेली असते: स्कॉलरशिपची परीक्षा, दहावी, बारावी, मग इंजिनियरिंग नाहीं तर डॉक्टरी, आणि हल्लीं त्यापुढें समुद्रापलीकडचें एखादें विद्यापीठ. टिळक रस्त्यावरच्या शाळा, कॉलेजें व क्लासांच्या पाट्या यांमधून रोज जाणाऱ्या कुटुंबाला ध्येय म्हणजे काय हें कोणी समजावून द्यावें लागत नाहीं. तें काम गुणपत्रिका करीत असते. बुद्धिमान मुलांचा स्वतंत्र विचार करणारी ज्ञान प्रबोधिनी १९६२ सालीं याच पेठेंत निघाली, हें पेठेच्या स्वभावाला धरूनच झालें. परंतु अशाच एखाद्या घरांत तीन वर्षांचें मूल हांकेला वळून पाहत नाहीं, खेळण्यांतली मोटार चालवण्याऐवजीं तिचें चाकच तासन्‌तास फिरवीत बसतें, गेल्या महिन्यांत येत असलेले चार शब्द या महिन्यांत विसरतें. आणि तपासणीअंतीं डॉक्टर ‘ऑटिझम’ हा शब्द उच्चारतात. मराठींत त्यास स्वमग्नता म्हणतात. त्या दिवशीं त्या घरांतील आंखलेली वाट पुसली जाते. तिच्या जागीं दुसरी कशी आंखावी, ती कोणीं आंखावी, आणि मूल तिच्यावरून चालतें आहे कीं नाहीं हें कशावरून ओळखावें, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. ‘स्वमग्न’ हा शब्द कानाला गोड असला तरी किंचित् फसवा आहे. त्यावरून असें वाटतें कीं, मूल आपल्याच तंद्रींत सुखानें बसलें आहे आणि त्याला हाताला धरून बाहेर काढलें म्हणजे काम झालें. वस्तुस्थिति निराळी आहे. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञानें अशा अकरा मुलांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नांत हान्स आस्पर्गर यानें त्याच धर्तीचीं मुलें वर्णिलीं. आणि या दोघांच्याही आधीं, १९२५ च्या सुमारास, मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा या विदुषीनें सहा मुलग्यांचीं निरीक्षणें लिहून ठेवलीं होतीं. त्यानंतरच्या संशोधनानें जें निश्चित झालें तें थोडक्यांत असें: या मुलांच्या मेंदूची जडणघडणच वेगळ्या रीतीनें होते. दुसऱ्याचा चेहरा व स्वर वाचणें त्यांना सहज साधत नाहीं. ठरलेला क्रम मोडला कीं पायांखालची जमीन सरकल्यासारखें होतें. आवाज, उजेड, स्पर्श, वास हीं आपल्याला साधीं वाटणारीं संवेदनें त्यांना कधीं असह्य होतात, तर कधीं पोंचतच नाहींत. कोणी मूल मुळींच बोलत नाहीं, तर कोणी रेल्वेचें वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवतें. मुली तर पुष्कळदां ओळखूंच येत नाहींत, कारण मुकाट्यानें एका कोपऱ्यांत बसणारी मुलगी आपल्याकडे गुणी ठरते.

आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें, हें मत गेल्या शतकाच्या मध्यावर पंडितांनीं मोठ्या आत्मविश्वासानें मांडलें आणि हजारों मातांना विनाकारण दोषी ठरवलें. तें केव्हांच निकालांत निघालें आहे. लस टोंचल्यानें असें होतें, हें सांगणारा १९९८ चा निबंध ज्या वैद्यकीय नियतकालिकानें छापला त्यानेंच तो २०१० सालीं मागें घेतला. या अवस्थेला औषधानें ‘बरें’ करतां येत नाहीं. मात्र मूल शिकतें, आणि जन्मभर शिकत राहतें. भारतांत पांच ठिकाणीं, ज्यांत उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी झाली व ती २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून स्वमग्न मुलांचें प्रमाण शंभरांत सुमारें एक येतें. म्हणजे हजार मुलें राहत असलेल्या वस्तींत अशीं दहाएक मुलें निघावींत. तीं दिसत नाहींत, याचा अर्थ तीं नाहींत असा नव्हे.

निदान झाल्यावर घरोघर दोन प्रकार घडतात. कांहीं घरांत सर्व ध्येयें एकदम सोडून दिलीं जातात: ‘त्याला काय कळतंय बिचाऱ्याला’ असें म्हणून वीस वर्षांच्या मुलालाही आई भरवीत राहते. पेठेंत मात्र दुसराच प्रकार अधिक. येथें एका ध्येयाच्या जागीं शंभर येतात. सकाळीं बोलण्याची थेरपी, दुपारीं ऑक्युपेशनल थेरपी, संध्याकाळीं पोहणें, शनिवारीं तबला. प्रत्येकाची फी वेगळी, प्रत्येकाची वही वेगळी, आणि एका वहींत काय लिहिलें आहे याचा दुसरीला पत्ता नाहीं. या सगळ्यांच्या मुळाशीं एकच न लिहिलेलें वाक्य असतें: ‘तो इतरांसारखा व्हावा.’ हें वाक्य समजण्यासारखें आहे, त्याबद्दल आईबापांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. परंतु उद्दिष्ट म्हणून तें निरुपयोगी आहे. कारण तें कधीं पुरें झालें हें सांगतां येत नाहीं, आणि पुरें न झाल्याचें दुःख मात्र रोज भोगावें लागतें.

उपयोगी उद्दिष्ट लिहिण्याची कसोटी सोपी आहे. दोन माणसें, समजा आई आणि मामा, एकाच वेळीं मुलाकडे पाहत बसलीं आणि त्यांनीं एकमेकांना न विचारतां टीप लिहिली, तर दोघांची टीप जुळली पाहिजे. ‘एकाग्रता वाढली’ यावर आई होय म्हणेल, मामा मान हलवील. ‘जेवण झाल्यावर आपलें ताट उचलून ओट्यापाशीं नेतो, कोणी सांगावें लागत नाहीं, आठवड्यांतून पांच दिवस’ यावर मतभेदाला जागा नाहीं. कोणी करायचें, कोठें, कशाच्या मदतीनें आणि किती वेळां, एवढें त्या एका ओळींत आलें कीं पुरे. त्यासाठीं महागडें साहित्य नको. अप्पा बळवंत चौकांतून आणलेली साधी शंभरपानी वही चालते. एका वेळीं उद्दिष्टें दोन, फार तर तीन. चौथें लिहावेंसें वाटलें तर आधींचें एखादें संपेपर्यंत थांबावें. ही अट पेठेंतल्या उत्साही बापांना सर्वांत जड जाते, असें अनुभवी शिक्षिकांकडून ऐकायला मिळालें तर नवल वाटूं नये.

वहीचें पहिलें पान भरतांना शिकवायचें कांहींच नसतें, फक्त पाहायचें असतें. एक आठवडाभर मूल आज काय करतें, किती करतें, कोणाच्या मदतीनें करतें एवढेंच टिपायचें. हा आठवडा पुष्कळ घरांत गाळला जातो, आणि मग तीन महिन्यांनीं प्रगति झाली कीं नाहीं यावर वाद होतात, कारण निघालों कोठून हेंच कोणी लिहून ठेवलेलें नसतें. आपल्या देशांतल्या विशेष शाळांनीं ही पाहण्याची रीत फार पूर्वींच बसवली आहे. मद्रासेंत तयार झालेल्या एका तपासणी-यादींत दैनंदिन जीवनांतील तीनशें साठ कृति अठरा गटांत मांडल्या आहेत. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनें अशीच दुसरी यादी तयार केली. या याद्या मूलतः बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांसाठीं आहेत, परंतु सिकंदराबादच्या यादीचें एक वैशिष्ट्य कोणत्याही घरानें उचलावें असें आहे. तिच्यांत ‘येतें’ आणि ‘येत नाहीं’ या दोन टोकांच्या मध्यें मदतीच्या पायऱ्या आहेत. मूल आपलें आपण करतें. नुसती खूण केली कीं करतें. तोंडानें सांगितलें कीं करतें. हाताला धरून करवून घेतलें कीं करतें. आणि मग, अजिबात होत नाहीं.

या पायऱ्यांचें मोल घरांतल्या माणसाला चटकन् लक्षांत येत नाहीं. समजा, पेरूगेटाजवळच्या एखाद्या जुन्या वाड्यांत सात वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आहे आणि त्याला सदरा घालतां येत नाहीं. जानेवारींत येत नव्हता, मार्चांतही येत नाहीं. बापाच्या मतें तीन महिने फुकट गेले. वही उघडून पाहावी, तर जानेवारींत दोन्ही हात धरून सदरा चढवावा लागत होता आणि मार्चांत ‘उजवा हात’ एवढें म्हटलें कीं हात बाहींत जातो. परीक्षेच्या हिशेबानें दोन्ही वेळां नापास. पायऱ्यांच्या हिशेबानें एक संपूर्ण मजला चढून झालेला. ज्या घरांत वर्षानुवर्षें पासनापासाचीच भाषा बोलली गेली आहे तेथें हा हिशेब शिकायला मुलापेक्षां मोठ्यांनाच अधिक दिवस लागतात.

सदरा शिकवण्याची एक जुनी आणि नामी युक्ति आहे ती येथें सांगण्यासारखी आहे. काम अनेक लहान पायऱ्यांत तोडायचें, आणि शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून करायची. सदरा आईनें चढवावा, चार बटणें तिनेंच लावावींत, आणि पांचवें अर्धें भोकांतून काढून पुढचें त्याच्यावर सोपवावें. त्यानें तें ओढून घेतलें कीं सदरा घालून झाला. काम पुरें केल्याचा आनंद पहिल्याच दिवशीं त्याच्या पदरीं पडतो. तें जमूं लागल्यावर शेवटचीं दोन बटणें त्याचीं, मग तीन. पहिल्या पायरीपासून शिकवूं गेल्यास मूल अर्ध्यावर कंटाळतें, आई चिडते, आणि शेवट नेहमीं आईच करते. म्हणजे यश रोज दुसऱ्याच्या हातून येतें.

यांत अडथळा येतो तो बहुधा मायेचा. आजीला हें सगळें निर्दयपणाचें वाटतें. सून बटणाची वाट पाहत उभी असते, घड्याळ पुढें सरकत असतें, आणि आजी आंतून येऊन दोन चुटक्यांत पांचही बटणें लावून टाकते. ‘आई, त्याला लावूं द्या ना,’ असें सुनेनें म्हणावें, तर ‘अग, रिक्षावाला खालीं थांबलाय, आणि हें काय बटणांचं नाटक!’ असें उत्तर. खरें पाहतां दोघींचेंही बरोबर आहे. तोड अशी कीं, बटणांचा पाठ शाळेच्या सकाळीं ठेवूंच नये. संध्याकाळीं कपडे बदलतांना ठेवावा, आणि वहींत टीप करण्याचें काम आजीकडेच सोंपवावें. जिच्या हातीं पेन्सिल आहे ती मदत करण्याआधीं क्षणभर थांबते. चाळीस वर्षें घरखर्चाचा हिशेब पैपर्यंत लिहिलेल्या बाईला या नोंदी कोणी शिकवाव्या लागत नाहींत.

आतां थोडें अवघड उदाहरण. गणेशोत्सवांत सदाशिव पेठ ही स्वमग्न मुलाला राहण्यासाठीं बहुधा भारतांतील सर्वांत कठीण जागांपैकीं एक ठरत असेल. विसर्जनाच्या मिरवणुकींचे मुख्य रस्ते चार: लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक. यांतला कुमठेकर रस्ता तर पेठेच्या अंगणांतूनच जातो. ढोलताशांचीं पथकें एकामागून एक जातात, खिडक्यांच्या कांचा थरथरतात. ज्याच्या कानांना मिक्सरचा आवाजही सुईसारखा टोंचतो त्या मुलाची त्या रात्रीं काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. बापाला वाटतें, पोरानें खांद्यावर बसून मिरवणूक पाहावी. आपल्या लहानपणीं आपण पाहिली तशी. हें उद्दिष्ट वहींत लिहावें काय?

मिनेसोटांतील थॉमस किरेसुक व रॉबर्ट शर्मन या दोघांनीं १९६८ सालीं उद्दिष्टें मोजण्याची एक पद्धति मांडली. मानसिक आरोग्याच्या कामासाठीं ती निघाली, आणि आज जगभर ती अपंगत्वाच्या कामांतही वापरतात. प्रत्येक उद्दिष्टासाठीं आधींच पांच पायऱ्या लिहून ठेवायच्या. ठरल्या मुदतींत जेवढें होईल अशी वाजवी अपेक्षा आहे त्याला शून्य. त्याहून थोडें कमी झालें तर उणें एक, फारच कमी तर उणें दोन. अपेक्षेहून बरें झालें तर अधिक एक, पुष्कळच बरें तर अधिक दोन. या पद्धतींत शून्य म्हणजे अपयश नव्हे. ठरवलें होतें तें साधलें, असा त्याचा अर्थ. पुणेकराला शून्य गुण मिळून आनंद होण्याचा हा एकमेव प्रसंग असावा.

ढोलाचें उद्दिष्ट या पद्धतीनें लिहूं गेलें कीं त्याचें रूपच पालटतें. उणें दोन: आवाज सुरू होतांच मुलगा किंचाळतो व भिंतीवर डोकें आपटतो. उणें एक: आईनें आवाज कमी करणारे हेडफोन त्याच्या कानांवर चढवले कीं थोड्या वेळानें शांत होतो. शून्य: हेडफोनकडे बोट दाखवतांच ते आपण उचलून लावतो. अधिक एक: कोणी न सांगतां जाऊन घेतो. अधिक दोन: हेडफोन घेतो आणि मागच्या खोलीचें चित्र दाखवून ‘तिकडे जायचंय’ हें कळवतो. पथकांचा सराव नदीकांठीं उत्सवाच्या कितीतरी आठवडे आधींच सुरू होतो. तेव्हां लांबून येणाऱ्या मंद आवाजापासून आरंभ करायला अवधि मिळतो. मिरवणूक पाहण्याची गोष्ट या पांच ओळींत कोठेंच नाहीं. उलट, सर्वांत वरच्या पायरीवर मुलगा मिरवणुकीपासून दूर जात आहे, आणि तरीही तें त्याचें यश आहे. कारण आपल्याला काय असह्य होतें हें ओळखून त्यावर इलाज करणें ही गोष्ट त्याला पन्नासाव्या वर्षींही उपयोगी पडणार आहे. बापाचें मिरवणुकीचें स्वप्न खोटें नव्हतें, पण तें बापाचें होतें.

उद्दिष्ट कोणाचें, हा प्रश्न प्रत्येक ओळीपुढें विचारावा लागतो. ‘डोळ्यांत डोळे घालून बोलावें’ हें उद्दिष्ट अनेक वर्षें बहुतेक वह्यांत पहिल्या क्रमांकावर असे. पुढें मोठीं झालेलीं स्वमग्न माणसें लिहूं-बोलूं लागलीं, तेव्हां त्यांतल्या अनेकांनीं सांगितलें कीं, समोरच्याच्या डोळ्यांत पाहणें त्यांना त्रासदायक होतें, आणि पाहण्याची सक्ति झाली कीं ऐकणें थांबतें. मग तें उद्दिष्ट मुलासाठीं होतें कीं पाहुण्यांसाठीं? आनंद झाला कीं मूल हात फडफडवतें. त्यानें कोणाला इजा होत नाहीं, लोक पाहतात एवढेंच. तें थांबवण्यासाठीं सहा महिने खर्च करणें म्हणजे मुलाच्या वेळावर शेजाऱ्यांचा कर बसवणें होय. डोकें आपटणें थांबवणें निराळें. तेथें मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तेथेंही आधीं शोधायचें असतें तें कारण: दांत दुखतो आहे काय, पोट दुखतें आहे काय, कीं ‘नको’ म्हणण्याची दुसरी भाषाच त्याच्यापाशीं नाहीं. जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकानें १९९३ सालीं टोरोंटो येथें पालकांच्या परिषदेपुढें बोलतांना त्यांना स्पष्टच बजावलें कीं, तुम्ही ज्याचा शोक करतां आहां तें न आलेलें, कल्पनेंतलें मूल आहे; आलेलें मूल तुमच्यासमोर आहे व त्याला तुमची गरज आहे. ऐकायला कठोर वाटलें, तरी पालकांच्या अनेक पिढ्यांना या भाषणानें आधार दिला आहे.

जें मूल बोलत नाहीं त्याचें उद्दिष्ट त्याला विचारून कसें ठरवायचें, अशी शंका येथें निघेल. बोलणें म्हणजे केवळ तोंडानें बोलणें नव्हे. चित्रांचे पत्ते देऊन मागणें मागण्याची एक पद्धति १९८५ सालापासून अमेरिकेंत विकसित झाली व सर्वत्र पसरली. मुंबईच्या आय्. आय्. टी. मध्यें तयार झालेलें ‘जेलो’ नांवाचें फुकट मिळणारें साधन मोबाईलवर चित्रें दाखवतें आणि बोट लावतांच वाक्य बोलतें. तें मराठींतही आहे. चित्रें दिलीं तर मूल बोलायचा आळस करील, ही भीति निराधार ठरली आहे. दुसरी एक भीति पेठेंतल्या घरांना पाहुणे घालतात: घरांत मराठी, शाळेंत इंग्रजी, यानें मुलाचा गोंधळ होतो, तेव्हां घरींही इंग्रजीच बोला. आजवरच्या अभ्यासांत दोन भाषांच्या सहवासामुळें स्वमग्न मुलाचें नुकसान झाल्याचें आढळलेलें नाहीं. उलट, ज्या भाषेंत आजी गोष्ट सांगते, आई रागावते व मायेनें जवळ घेते, ती भाषा काढून घेतली तर मुलाभोंवतालीं बोलणारीं माणसेंच कमी होतात. वहीही मराठींत लिहावी; ‘उजवा हात’ म्हणायचें असेल तर रोज तेंच म्हणावें.

तज्ज्ञांवांचून घरच्या माणसांना कितपत साधतें, याचें एक उत्तर गोव्यानें दिलें आहे. गोव्यांतील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानांतील रावळपिंडी येथील संशोधक यांनीं मिळून एक प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांचीं पासष्ट स्वमग्न मुलें दोन गटांत वांटलीं. एका गटाच्या पालकांकडे बारा वेळां प्रशिक्षित परंतु तज्ज्ञ नसलेले कार्यकर्ते जात. आई मुलाशीं खेळत असतांना ते चित्रफीत घेत आणि मग तीच चित्रफीत दोघें मिळून पाहत: पाहा, येथें त्यानें चेंडूकडे पाहिलें आणि तुम्ही चेंडूबद्दल बोललांत, तेव्हां तो वळला, येथें तुम्ही त्याला घोड्याकडे ओढलेंत, तेव्हां तो उठून गेला. या गटांतल्या माता मुलाच्या कलानें अधिक वागूं लागल्या, आणि मुलें आपण होऊन आईशीं संपर्क साधूं लागलीं. एका मोजमापांत, म्हणजे दोघांचें लक्ष एकाच वस्तूवर किती वेळ राहतें यांत, मात्र या गटाचे आंकडे दुसऱ्यापेक्षां उतरले. संशोधकांनीं तेंही लपवलें नाहीं. घरच्या वहींतही असें पान आलें तर तें फाडूं नये. तीन-चार आठवडे खूण पुढें सरकली नाहीं तर बहुधा पायरी उंच झालेली असते. ती मधोमध तोडावी. ताप, परीक्षेच्या काळांतली घरची धांदल, दिवाळीची सुट्टी, नवीन शिक्षिका, यांपैकीं कशानेंही आलेली गोष्ट महिनाभर जाऊं शकते. हें समासांत लिहून ठेवावें, म्हणजे पुढच्या दिवाळींत घाबरायला होत नाहीं.

मूल वाढतें तशी वहीही वाढली पाहिजे, आणि येथें बहुतेक घरें मागें राहतात. सातव्या वर्षीं बटण, बाराव्या वर्षीं दुधाची पिशवी आणून सुटे पैसे परत घेणें, पंधराव्या वर्षीं स्वारगेटच्या बसमध्यें बसून ठरलेल्या थांब्यावर उतरणें. देहांत होणारे बदल, एकांत कोठें पाळावा, कोणी अंगाला हात लावला तर ‘नको’ कसें म्हणावें, हीं उद्दिष्टें लिहितांना सुशिक्षित घरांचाही हात अडखळतो. परंतु तीं न लिहिल्यानें येणारा धोका मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सारखाच आहे. ‘गुड टच, बॅड टच’ शाळेंत शिकवतात खरें, पण स्वमग्न मुलाला तें वर्गांतल्या एका तासानें समजत नाहीं. बटणासारखेंच पायऱ्यापायऱ्यांनीं शिकवावें लागतें.

कायद्यानें आपलें काम बरेंच केलें आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत स्वमग्नतेचा नांवानिशीं उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ती एकवीस प्रकारांत गणली, आणि चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरा वर्षें पुरीं झालीं कीं आईबाप आपोआप पालक राहत नाहींत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे त्यासाठीं अर्ज करावा लागतो. २०१६ चा कायदा आणखी एक गोष्ट सांगतो: पालकत्व शक्यतों मर्यादित असावें, आणि निर्णय त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, तिच्याशीं मिळून घेतले जावेत. म्हणजे अठराव्या वर्षीं कोणीतरी त्याची इच्छा विचारणार. ती सांगण्याची संवय त्याला सातव्या वर्षापासून लागलेली असली तरच त्या कलमाला कांहीं अर्थ उरतो. म्हणून वहींतल्या दोन-तीन उद्दिष्टांपैकीं एक त्याच्या निवडीचें असावें. चार चित्रें समोर ठेवावींत: पोळी लाटणें, सायकल, पर्वतीच्या पायऱ्या, संगणक. त्यानें सायकलीवर बोट ठेवलें, तर आईला पोळीच हवी होती तरी सायकल लिहावी.

‘आमच्यामागें याचें कोण?’ हा प्रश्न या घरांत दिवे मालवल्यावर उठतो, आणि त्याचें पुरतें उत्तर वहीपाशीं नाहीं. मोठ्या स्वमग्न माणसांना राहण्यासाठीं चांगलीं घरें, देखरेखीखालचीं कामें यांची आपल्याकडे अजून फार वाण आहे, आणि ती एकट्या कुटुंबानें भरून काढण्यासारखी नाहीं. वहीच्या शेवटच्या पानांवर एवढें मात्र लिहून ठेवतां येतें: त्याला काय आवडतें, कशानें घाबरतो, दुखलें कीं कसा वागतो, कोणतें चित्र दाखवलें कीं शांत होतो, कोणत्या औषधाची पावडर त्याला चालते आणि गोळी चालत नाहीं, वरणभात वेगवेगळा वाढावा लागतो. बहीण परगांवाहून आली, काका चार दिवस राहिले, किंवा कोणी अगदीं परका माणूस मदतीला लागला, तर त्याला हीं दोन पानें आधीं वाचायला द्यावींत. दर सहा महिन्यांनीं तीं नव्यानें लिहावींत, आणि लिहितांना तो शेजारीं बसलेला असावा. वरणभाताच्या ओळीवर तो हल्लीं काय म्हणतो, हें त्यालाच विचारून.